भोंगा बदलून पाहिला

तिला सगळे फलाटबाई म्हणत. बसस्थानकावर गाड्यांच्या सूचना देण्याचं काम तिचं, आणि फलाटाचा आकडा ती असा उच्चारी की कितीही गोंगाट असला तरी तेवढा शब्द माणसाच्या डोक्यात जाऊन बसे. 'चार' ती किंचित लांबवायची आणि 'सात' तोडून टाकायची, कारण गर्दीत हे दोन आकडे एकमेकांत मिसळतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक म्हातारं जोडपं सातऐवजी चारवरच्या गाडीत बसून भलत्याच गावाला पोचलं होतं. त्यांना परत आणायला ती स्वतः गेली होती. तेव्हापासूनची ही सवय.

आमची शाळा स्थानकाच्या कुंपणाला लागून होती. तिचा आवाज खिडकीतून वर्गात यायचा आणि सूचना संपेपर्यंत मी खडू हातात धरून थांबायचे. आसपासची गावं मुलांना माझ्यापेक्षा तिच्यामुळेच जास्त पाठ झाली. पुढे आम्ही एकाच इमारतीत राहायला आलो, ती खाली आणि मी वर, आणि दोघींचं चांगलं जमलं. तो आवाज कसा गेला ते मला लिहून ठेवायचं आहे. या सगळ्यात कोणी दुष्ट नव्हतं. माणसं आपापल्या परीने नीटच वागत होती, आणि तरी तो गेला.

तिचे आवाज दोन होते. घरातला बारीक, भरभर, कुणाची ना कुणाची फिरकी घेणारा. माईकवरचा भरदार, संथ, जणू जगात कुणालाच कसली घाई नाही. मी एकदा तिला विचारलं की हा बदल कसा काय करतेस, तर ती म्हणाली, माईकवर ती दुसरीच बाई बोलते, मी नुसती बटण दाबते. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. तिच्या काचेच्या खोलीत मी बसले आहे. टेबल, माईक, गरम पाण्याचा थर्मास, मागे एक खिडकी, आणि खिडकीबाहेर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्या. खिडकी उघडली की धूर, बंद केली की घाम. माझ्याशी हसत बोलता बोलता ती बटण दाबायची, पाठ ताठ व्हायची, हनुवटी थोडी खाली जायची, आणि ती दुसरी बाई बोलायला लागायची. सूचना संपली की लगेच पहिली परत हजर, आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू.

नवरा तिच्या अगदी उलट, अबोल. आयुष्यभर यंत्रमागावर काम केलेला. कारखाना बंद पडल्यावर एका कापडाच्या गोदामावर दुपारपाळीचा रखवालदार झाला. दुपारी तिचा डबा घेऊन स्थानकावर यायचा आणि तसाच कामावर जायचा. त्याची एक गोष्ट आमच्या इमारतीत सगळ्या बायकांना ठाऊक होती. बायको बोलायला लागली की हातातलं काम बाजूला ठेवून तो तिच्या तोंडाकडे बघत राहायचा, तिचं बोलणं संपेपर्यंत. शेजारणी म्हणायच्या, आमच्याकडे पेपरामागून नुसता हुंकार येतो, आणि यांच्याकडे बघा. फलाटबाई वरवर वैतागायची. वय काय झालं याचं भान नाही या माणसाला, नवं लग्न झाल्यासारखा बघतो, असं म्हणायची. पण ते सांगताना पदर सारखा करायची. आतून सुखावलेली असायची.

निवृत्तीनंतर बहिणीच्या आजारपणात मी बरेच महिने परगावी, बहिणीकडे होते. त्या काळातलं जे सांगते आहे ते मला नंतर कळलं, थोडं फलाटबाईकडून, थोडं स्थानकाच्या नियंत्रकाकडून.

सुरुवात भोंग्यापासून झाली. सूचना नीट ऐकू येत नाहीत, खरखर येते, अशा तक्रारी प्रवासी करू लागले. नियंत्रक तसा कामसू गृहस्थ. दुरुस्तीचं काम निघालं की त्याला हुरूप यायचा. त्याने वायरमनला बोलावलं. वायरमन खांबावर चढला, भोंग्यात गांधीलमाश्यांचं पोळं सापडलं, ते काढलं. खरखर कायम. मग भोंगाच बदलला. नव्या भोंग्यातूनही तेच. वायरमनने नव्या मालाला शिव्या घातल्या, दुसऱ्या बनावटीचा आणून लावला, शेवटी वायरसुद्धा बदलली. प्रत्येक वेळी फलाटबाई खोलीत बसून 'फलाट क्रमांक चार' म्हणायची आणि खाली तिघेजण माना वर करून ऐकायचे. कुणी म्हणायचं आता बरं वाटतंय, कुणी म्हणायचं नाही बुवा.

तिला स्वतःलाही दोष भोंग्याचाच वाटत होता. काच बंद करून बसलेल्या तिला आपला आवाज ऐकू यायचा तो बाहेरच्या भोंग्यातून फिरून आलेला. तो खरखरत होता, म्हणजे भोंगा खरखरत होता. घसा जड वाटायचा, पण धुरात बसणाऱ्याला त्याचं नवल नसतं. ती गरम पाणी प्यायची आणि माईकच्या आणखी जवळ तोंड नेऊन हळू बोलायची. परगावी असलेली मुलगी फोनवर म्हणाली की आई, घसा बसलाय का तुझा, तर हिने सांगितलं, तुझा फोन बदल आधी.

मग एक दिवस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून एक तरुण डॉक्टर स्थानकावर आली. बरोबर लॅपटॉप आणि छोटा माईक. रुग्णालयात एक संशोधन चालू होतं. स्वरयंत्राच्या कर्करोगात, स्वरतंतूवर अगदी मोहरीएवढी गाठ असतानाच आवाज बदलायला लागतो. तेव्हा सापडला तर किरणांनी किंवा छोट्या शस्त्रक्रियेने काम भागतं आणि आवाजही राहतो. पण ती गाठ दिसायला नाकातून कॅमेरा घालून घशात बघावं लागतं, आणि कॅमेरे थोडे, बघणारे डॉक्टर त्याहून थोडे. म्हणून नुसता आवाज ध्वनिमुद्रित करून, संगणकाला तो ऐकवून, कुणाला कॅमेऱ्याची गरज आहे हे निवडता येतं का, ते त्यांना बघायचं होतं. शिक्षक, कंडक्टर, फेरीवाले, अशी बोलून पोट भरणारी माणसं त्यांनी निवडली होती. फलाटबाईचं नाव यादीत सगळ्यात वर असणार हे उघडच होतं.

संगणक तीन निकाल द्यायचा. संशय आहे, संशय नाही, किंवा सांगता येत नाही. संशय असेल तर लगेच कॅमेरा. सांगता येत नसेल तर घरातल्या एका माणसाला विचारायचं की आवाजात काही फरक पडलाय का. स्वतःचा आवाज हळूहळू बदलत जातो तेव्हा तो स्वतःला कळत नाही, घरच्यांना कळतो, हा त्यामागचा विचार. घरचा माणूस हो म्हणाला तर कॅमेरा, नाही म्हणाला तर सहा महिन्यांनी पुन्हा ध्वनिमुद्रण.

डॉक्टरने तिला सांगितलं, "मावशी, घरी बोलता तसं बोला. सूचना देताना बोलता तसं नको." फलाटबाई बरं म्हणाली आणि मनापासून म्हणाली. पण समोर माईक आला. तिने थर्मासमधलं पाणी घेतलं, घसा साफ केला, पाठ ताठ झाली, हनुवटी खाली गेली. लांब 'आ' म्हटला तो त्या दुसऱ्या बाईने. आकडे मोजले ते तिनेच, आणि चारही नेहमीसारखा लांबवला. उतारा वाचला तोही तिनेच. यात फसवण्याचा हेतू नव्हता. माईकपुढे दुसऱ्या कोणत्या आवाजात बोलतात हे तिला ठाऊकच नव्हतं. डॉक्टर मुलगी याच स्थानकावरून कॉलेजला जायची, लहानपणापासून तिने हा आवाज ऐकलेला. ध्वनिमुद्रण संपल्यावर ती म्हणाली की मावशी, तुमचा आवाज कानावर पडला की मला बॅग उचलावीशी वाटते. दोघी हसल्या.

संगणकाने उत्तर दिलं, सांगता येत नाही.

तेवढ्यात नवरा डबा घेऊन आला. बरंच झालं, साक्षीदार आपल्या पायांनी चालत आला, असं फलाटबाई म्हणाली. डॉक्टरने त्याला समोर उभं केलं आणि विचारलं, "काका, गेल्या काही महिन्यांत यांच्या आवाजात फरक वाटतो का? घोगरा, बसलेला, दमलेला?" त्याने डॉक्टरच्या बोलण्याकडे नीट लक्ष दिलं, जरा थांबला आणि म्हणाला, "नाही. आहे तसाच आहे. खणखणीत." फलाटबाईला त्याचं कौतुक वाटलं. आयुष्यात कधी चहा चांगला झालाय म्हणाला नाही, आणि आज चारचौघांत खणखणीत म्हणाला. डॉक्टरने सहा महिन्यांनंतरची तारीख दिली.

मी परत आले तेव्हा ते सहा महिने संपत आले होते. तिला जिन्यावर धाप लागत होती. गिळताना टोचायचं. उजव्या कानात ठणका लागायचा, म्हणून तिने कानात थेंब घातले होते. मी तिचा आवाज ऐकून चपापले आणि ताबडतोब दवाखान्यात चल म्हणाले, तर तिने बसक्या आवाजातच सांगितलं की तारीख जवळ आलीच आहे, नावनोंदणी झालेली आहे, घाई कशाला. आपल्याला एकदा तपासून झालंय, या गोष्टीचा तिला आधार होता. तपासलं नसतं तर कदाचित ती आधीच गेली असती.

ती तारीख यायच्या आत स्थानकावर वीज गेली. ऐन गर्दीची सकाळ, जनित्र सुरू होईना, आणि दोन गाड्यांचे फलाट आयत्या वेळी बदललेले. नियंत्रक धावत तिच्या खोलीशी आला आणि म्हणाला की बाई, बाहेर येऊन नुसतं ओरडून सांगा, लोक तुमचं ऐकतील. ती बाहेर आली. चौथऱ्यावर उभी राहिली. हात वर केला तशी माणसं गप्प झाली, सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिने तोंड उघडलं आणि हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, तोंड लाल झालं, आणि फक्त कापड फाटल्यासारखा थोडा आवाज निघाला. लोक काही वेळ वाट बघत राहिले, मग आपापसात बोलू लागले.

नियंत्रक मला सांगत होता, "मी भोंग्याखाली उभा होतो. भोंगा बंद होता. आणि खरखर तीच." त्याच दिवशी तो तिला स्वतः रुग्णालयात घेऊन गेला, आणि मला निरोप पाठवला.

नाकातून कॅमेरा घातला, पडद्यावर आतलं दिसलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण एका बाजूला पांढुरकं, खडबडीत, फुलकोबीसारखं काहीतरी वाढलेलं होतं आणि ती बाजू हलत नव्हती, एवढं मलाही दिसलं. शल्यचिकित्सक मोठे, वयस्क. तोंडावर मास्क. त्यांनी पडद्यावरून नजर न काढता नवऱ्याला विचारलं की आवाज कधीपासून असा आहे. तो काही बोलला नाही. त्यांनी पुन्हा, जरा चढ्या आवाजात विचारलं. तो त्यांच्या डोळ्यांकडे, मग माझ्याकडे बघू लागला, आणि म्हणाला, "जेवण झालंय तिचं."

तरुण डॉक्टर दाराशी उभी होती. ती पुढे आली, स्वतःचा मास्क हनुवटीखाली ओढला आणि तोच प्रश्न विचारला. त्याने चटकन उत्तर दिलं की मला नक्की सांगता येणार नाही. मग तिने हातातली फाइल तोंडासमोर धरली आणि काहीतरी विचारलं. त्याचा चेहरा कोरा. फाइल खाली घेतली आणि तेच पुन्हा विचारलं, आणि आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. ती विचारत होती, "काका, तुम्हाला ऐकू कधीपासून येत नाही?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मागांच्या शेडमध्ये कुणी ओरडत नाही, ओरडून उपयोगच नसतो. ओठ हलवतात आणि समोरचा ओठ वाचतो. पंधरा-वीस वर्षांत तिथला प्रत्येक जण यात तरबेज होतो, आणि तेवढ्याच वर्षांत त्याचे कानही जातात. हे त्याला कळलं ते कारखाना बंद झाल्यावर, बाहेरचं जगही शांत आहे हे लक्षात आलं तेव्हा. पण तोवर रखवालदाराची नोकरी लागली होती, आणि ऐकू न येणारा रखवालदार कोण ठेवील. म्हणून कुणाला सांगितलं नाही. बायकोला का नाही सांगितलं, असं विचारल्यावर म्हणाला की तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. हे इतकं खरं होतं की त्या खोलीतसुद्धा मला हसू येईलसं वाटलं.

आणि डबा घेऊन आलेल्या दिवशी? तेव्हा त्याला कळेना, नाही म्हणावं की हो म्हणावं. तिचा आवाज त्याने कित्येक वर्षांत ऐकलेला नव्हता. त्याच्या डोक्यात जो होता तो जुना, शेवटचा ऐकलेला. तो खणखणीतच होता. तेच त्याने सांगितलं.

फलाटबाई तपासणीच्या खुर्चीत बसून हे ऐकत होती. नाकाखाली कापूस धरलेला. ती जे बोलली ते जेमतेम ऐकू आलं. "म्हणजे तोंडाकडे बघत बसायचात ते कान नाहीत म्हणून?"

त्याने ते वाचलं. मान डोलवली.

"आणि मी सगळ्या इमारतीत मिरवलं," ती म्हणाली.

तरुण डॉक्टर त्या दोघांना घेऊन बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसली होती. तिने सबबी सांगितल्या नाहीत. घरच्या आवाजात बोला असं नुसतं सांगून भागणार नव्हतं, माईक न दाखवता गप्पा मारताना ध्वनिमुद्रण करायला हवं होतं, असं ती म्हणाली. आवाजाची साक्ष ज्याच्याकडून घ्यायची त्याला ऐकू येतं का, हे आधी तपासायला हवं होतं, ते आमच्यापैकी कुणाच्या मनातच आलं नाही, असंही ती म्हणाली. आता त्यांनी ते सुरू केलं. संशोधनात येणाऱ्या प्रत्येक घरच्या माणसाचे कान आधी तपासले जातात, आणि तिने मला सांगितलं की त्यातले बरेचसे कमी ऐकणारे निघतात. इतरांना त्याचा फायदा होईल. फलाटबाईला होणार नव्हता.

गाठ स्वरयंत्राच्या कूर्चेत, तिथल्या मऊ हाडात, शिरली होती. पूर्ण स्वरयंत्र काढायचं, आणि गळ्याला पुढून कायमचं भोक, श्वास त्यातूनच, असं मोठ्या डॉक्टरांचं मत पडलं. दुसरा मार्ग होता, किरणं आणि औषधं, त्यात यंत्र जागेवर राहिलं असतं, पण या टप्प्यावर जगण्याचा भरवसा त्यांना वाटत नव्हता. निर्णय तिने घ्यायचा. मुलगी धावत आली, रडली. आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं की ती आवाज सोडायला तयार होणार नाही. तिने एक रात्र घेतली आणि सकाळी काढून टाका म्हणाली. मी कारण विचारलं नाही, पण तीच म्हणाली की तसाही तो आता कुठे कामाचा राहिलाय.

शस्त्रक्रियेआधी त्या डॉक्टर मुलीने आणखी एक गोष्ट केली. नवऱ्याला कान-विभागात नेऊन, मागे लागून, त्याला श्रवणयंत्र बसवून घेतलं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तो वॉर्डात आला तेव्हा दोन्ही कानांमागे ते होतं. पंख्याचा आवाज ऐकून तो दचकत होता. कुणी ताट ठेवलं की वळून बघत होता. फलाटबाईने त्याला जवळ बोलावून पलंगावर बसवलं आणि म्हणाली, "डोळे मिटा."

त्याने मिटले. ती बोलायला लागली. काय बोलायचं हे तिला आधी सुचेना, मग तिने गाड्यांची नावं घेतली. सकाळच्या पहिल्या गाडीपासून ओळीने, जमेल तितकी. मध्ये मध्ये आवाज पार नाहीसा व्हायचा, नुसता श्वास ऐकू यायचा, आणि ती पुन्हा ओढून आणायची. माईकवाली बाई त्यात कुठेच नव्हती. घरातलीही नव्हती. दमल्यावर ती थांबली आणि त्याच्या हाताला हात लावला. त्याने डोळे उघडले.

"कसा आहे?"

"वाईट आहे गं," तो म्हणाला. "फार वाईट झालाय."

"हे सहा महिन्यांपूर्वी बोलायचं होतंत," ती म्हणाली. रागाने नाही, भाजी संपली असं सांगावं तसं. पण त्याला ते ऐकू आलं, या खेपेला कानांनीच.

शस्त्रक्रिया झाली. ती घरी आली. गळ्यातल्या भोकावर जाळीचं कापड, त्यावर ओढणी. अंघोळ करताना पाणी आत जाऊ नये म्हणून आडवं धरायचं ताट, रात्री उशाशी ओली हवा देणारं यंत्र, खोकला आला की तोंडावर नाही तर गळ्यावर हात. या सगळ्याची तिने सवय करून घेतली. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्याचा आवाज तिने एकदा काढून पाहिला आणि ते कपाटात टाकलं. ओठ हलवून ती बोलायची आणि नवरा आम्हाला सांगायचा. लोक म्हणायचे की बरं झालं, त्यांच्या दोघांत काही अडत नाही. मला मात्र तसं कधी वाटलं नाही. ती पूर्वी बोलायची त्यातलं निम्मं बोलणं कुणाला उद्देशून नसायचंच. भांडी घासताना, केस विंचरताना, जिना चढताना ती आपली बडबडत असायची. ते ओठांवरून कोण वाचणार. ते तिने बंदच केलं. आणि फिरकी घ्यायची तर ती वेळेवर घ्यावी लागते. नवऱ्याने ती वाचून, समजून, आपल्या सपाट आवाजात आम्हाला सांगेपर्यंत तिच्यातली गंमत निघून गेलेली असायची. तरीही आम्ही हसायचो, आणि आम्ही का हसतोय ते तिला कळायचं.

स्थानकावर आता ध्वनिमुद्रित सूचना लागतात. नियंत्रक कधी आमच्या इमारतीत येतो, बसतो आणि चहा पिऊन जातो.

वर्ष होत आलं असेल. मुलीला दिवस गेले होते, शेवटचे महिने चालू होते, डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून सांगितलं होतं. ती दर रविवारी व्हिडिओवर फोन करायची. आईचे ओठ तिला वाचता येत नसत, म्हणून बाप शेजारी बसून बोलायचा. त्या रविवारी मी तिथे होते. दोन दिवसांपूर्वी फलाटबाईने माझा हात धरून आपल्या मानेला लावला होता. कानाखाली, ओढणीच्या आत, सुपारीएवढी कडक गाठ. नवऱ्याला ठाऊक होतं. मंगळवारी तपासायला जायचं ठरलं होतं.

मुलीने नेहमीचं विचारलं. जेवतेस का, झोप लागते का, श्वास बरा आहे ना. फलाटबाई मान डोलवत होती. मग मुलगी म्हणाली, "आई, चेहरा उतरलाय तुझा. काही आहे का?"

फलाटबाईने नवऱ्याकडे तोंड केलं आणि ओठ हलवले. तिने पुन्हा तेच म्हटलं, या वेळी सावकाश. दोनच शब्द होते, आणि एवढ्या दिवसांत तेवढे मलाही वाचता आले.

"बाबा, काय म्हणते आई?"

तो कानामागचं यंत्र चाचपत बसला होता. "ती म्हणते, सांगू नका," तो म्हणाला.

"काय सांगू नका?"

फलाटबाईने त्याच्या दंडाला गच्च धरलं. तिचे ओठ भरभर हलत होते. तो त्या ओठांकडे न बघता पडद्याकडे बघत बोलला, "मानेला पुन्हा गाठ आली आहे. मंगळवारी दाखवायला नेतोय. तुझ्यापासून लपवायचं नाही असं मी ठरवलंय. तिला राग आलाय, येऊ दे."

तिला खरोखरच राग आला होता. तिने त्याचा दंड सोडला, फोन त्याच्या हातातून घेतला. मला वाटलं, बंद करते की काय. ती काही वेळ पडद्यावरच्या मुलीकडे बघत राहिली. मुलगी रडत नव्हती, तोंडावर हात धरून बसली होती. मग फलाटबाईने एका हाताने ओढणी सोडली, मान एका बाजूला वळवली आणि फोन गळ्याजवळ नेला.

"नीट दिसत नाहीये आई," मुलगी म्हणाली. "कुठल्या बाजूला आहे?"

तिने बोट ठेवून दाखवलं.